ट्रिगर हलका करून मागितला, चाचांनी दिला नाही: धुळ्यातल्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानाचा अनुभव

वडिलांची .३२ ची रिव्हॉल्व्हर दोन वर्षांपूर्वी माझ्या लायसनवर आली, तेव्हापासून महिन्यातून दोनदा रेंजवर जातो. हॅमर, म्हणजे मागचा घोडा, अंगठ्याने मागे ओढून (सिंगल अ‍ॅक्शनने) मारलं की गोळी बऱ्यापैकी मध्ये लागायची, पण डबल अ‍ॅक्शनने, म्हणजे नुसता ट्रिगर ओढून मारलं की सहातल्या दोन कागदाच्या बाहेर आणि बाकीच्या खाली डावीकडे. घरी रिकामी करून ताणकाटा लावून बघितला तर डबल अ‍ॅक्शनला साडेपाच किलोच्या आसपास ओढ, सिंगलला अडीच. मग डोक्यात बसलं की दोष स्प्रिंगचा आहे, ती हलकी करून घ्यायची. अमेरिकेतले रिव्हॉल्व्हरवाले व्हिडिओ बघून तर पक्कंच झालं, तिथला जेरी मिक्युलेक म्हणून माणूस आहे त्याने १९९९ मध्ये सहा गोळ्या मारून, परत सहा भरून, त्याही मारून सगळं २.९९ सेकंदात संपवलं होतं.

तर अमळनेरहून सकाळीच निघून धुळ्यात या दुकानात गेलो. दुकान लहान आहे, पुढे विक्री आणि मागे दुरुस्ती करणाऱ्या कारागिराचं, म्हणजे चाचांचं टेबल. लायसन बघून रजिस्टरला नोंद केल्याशिवाय ते हत्याराला हातच लावत नाहीत, हे मला फार आवडलं. मग माझ्यासमोर उघडली, आपल्या सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीच्या .३२ मध्ये नळी पुढे खाली वाकते आणि सहाही खोकी, म्हणजे काडतुसांची पितळी नळकांडी, एकदम वर उचलली जातात तशी, आणि सिलेंडर, म्हणजे सहा गोळ्यांचं फिरतं चाक, रिकामा आहे हे स्वतः बघितलं आणि मलाही बघायला लावलं.

मी म्हटलं, चाचा, मेनस्प्रिंग, म्हणजे हॅमरला जोर देणारी स्प्रिंग, घासून हलकी करून द्या. ते म्हणाले, "भाऊ, बोटले शिकाड पहिले, स्प्रिंगनं नंतर देखसूत." मला जरा राग आला, पैसे मी देणार ना. पण त्यांनी जे समजावलं ते कुठल्याच व्हिडिओत कोणी नीट सांगितलं नव्हतं. तिकडचे स्पर्धेवाले स्प्रिंग हलकी करतात ते खरं, पण ते काडतूसही स्वतः भरतात. खोकं साफ करून, बुडात नवी टोपी (हॅमरच्या ठोक्याने ठिणगी देणारी) बसवून, दारू तोलून, वर शिशाची गोळी दाबून. त्यात टोपी मुद्दाम नरम घेतात, फेडरल कंपनीची बरेच जण वापरतात, आणि ती खोक्याच्या बुडात पार तळाला टेकेपर्यंत बसवतात. टोपी जरा जरी वर राहिली तर हॅमरचा पहिला ठोका तिला आत ढकलण्यातच खर्च होतो आणि गोळी सुटत नाही, वर ती मागच्या प्लेटला घासून सिलेंडरही अडकू शकतो. म्हणजे हलकी स्प्रिंग आणि स्वतः भरलेली गोळी ही जोडी आहे, त्यातलं एकच उचललं की मिसफायर. आपण वापरतो ती खडकीची फॅक्टरी गोळी, बुडावर केएफ कोरलेली, तिला हॅमरचा पूर्ण ठोका पाहिजे. आणि हे हत्यार घरात राखणीला पण आहे, तिथे नुसतं "टक" वाजून चालेल का?

मग त्यांनी खरं काम केलं. नळीच्या मागच्या तोंडाशी, जिथे सिलेंडरमधून गोळी नळीत शिरते तिथे, पितळी ब्रश फिरवून पांढऱ्या फडक्यावर झटकला तर शिशाचे करडे चकाकणारे कण पडले, चिमूटभर तरी असतील. वडिलांनी किती वर्षं तिथे ब्रश घातला नव्हता कोणास ठाऊक, आणि मीही नुसती नळी पुसत होतो. आतलं जुनं घट्ट झालेलं तेल काढलं, घासणाऱ्या जागा पॉलिश केल्या, स्प्रिंगला हात नाही. ओढ आजही जवळपास तेवढीच भरते पण खरखर गेली, ट्रिगर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा येतो.

आणि घरचा अभ्यास दिला. डमी काडतुसं भरायची, नळीवर एक रुपयाचं नाणं ठेवायचं आणि नाणं न पाडता ट्रिगर पूर्ण ओढायचा, मध्ये न थांबता. पहिल्या दिवशी वीसपैकी दोनदा टिकलं. महिनाभर रोज रात्री जेवणानंतर केलं, आता वीसपैकी सोळा-सतरा टिकतं. गेल्या रविवारी १५ मीटरवर डबल अ‍ॅक्शनने सहा मारल्या, सहाही बशीएवढ्या जागेत. मी अर्धा तास तो कागद हातात घेऊन बसलो होतो.

तक्रार एकच, चार दिवसात देतो म्हणून नऊ दिवस लावले आणि मी एक फेरी फुकट मारली, फोन करून सांगायला पाहिजे होतं. १,५०० रुपये घेतले, मला जास्त वाटले नाहीत. जाताना ओरिजिनल लायसन न्या, झेरॉक्स चालत नाही. निवडणुकीच्या आधी तर आधी फोन करून जा, हत्यारं पोलीस स्टेशनला जमा व्हायला लागली की त्यांच्याकडेही गर्दी असते. माझ्या चुलतभावाच्या रिव्हॉल्व्हरचा सिलेंडर हॅमर चढल्यावरही हलतो, पुढच्या आठवड्यात त्याला घेऊन परत चाललोय.