पीडीएस: ग्रहविज्ञानात नवीन असाल तर आधी हे कोठार उघडा

तीन वर्षं जवळजवळ रोज वापरतेय, त्यामुळे आता सविस्तर लिहायला हरकत नाही. प्लॅनेटरी डेटा सिस्टीम, सगळे नुसतं पीडीएसच म्हणतात, म्हणजे ग्रहांवर, चंद्रांवर, लघुग्रहांवर आणि धूमकेतूंवर गेलेल्या नासाच्या यानांचा डेटा जिथे कायमचा जपून ठेवतात ती जागा. फुकट आहे, डाउनलोडसाठी खातं उघडावं लागत नाही, तुम्ही कुठल्या देशाचे, कुठल्या कॉलेजचे, तुमचा गाइड कोण, काहीही विचारत नाहीत. मी पाचपैकी साडेचार देतेय. अर्धा का कापला ते पुढे सांगते.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझी संध्याकाळ कशी जायची, तर जाहिराती शोधण्यात. कुठे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची जागा, निघालीय, कुठे समर इंटर्नशिप, कुठल्या मिशनला माणसं हवीत, आणि प्रत्येक पानावर शेवटी कुठलीतरी अट, कधी पासपोर्टची, कधी डिग्रीला किती वर्षं झाली त्याची. त्या काळात मी एक पैसे भरून करायचा ऑनलाइन करिअर कोर्सही घेतला, नाव नाही लिहीत, त्यात सहा आठवडे ज्या याद्या दिल्या त्या सगळ्या आधीच जाहीर होत्या आणि तीनातल्या एकीची मुदत संपलेली होती. वाईट वाटलं, पैशांपेक्षा वेळ गेल्याचं जास्त. जाहिराती बघू नका असं मी अजिबात म्हणत नाही, पण ज्या बातमीची आपण वाट बघत बसतो तिच्यापेक्षा मोठी संधी आधीच उघडी पडलेली असते आणि ती म्हणजे हा डेटा.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण शुक्राचं. मॅगेलन यानाने १९९० ते १९९२ दरम्यान रडारने शुक्राचा पृष्ठभाग टिपला, त्यानंतर ते चित्र तसंच तीसेक वर्षं सगळ्यांसमोर होतं. मग २०२३ मध्ये रॉबर्ट हेरिक आणि स्कॉट हेन्स्ली यांनी दाखवलं की मात मॉन्स नावाच्या ज्वालामुखीजवळचं एक मुख फेब्रुवारी १९९१ च्या चित्रात साधारण २.२ चौरस किलोमीटरचं आहे आणि ऑक्टोबरच्या चित्रात जवळजवळ ४ चौरस किलोमीटरचं झालंय, आकारही बदललाय. म्हणजे शुक्रावरचा ज्वालामुखी आठ महिन्यांत जागा झालेला दिसला! त्यासाठी नवीन यान नाही पाठवलं, हेरिक यांनी सुमारे २०० तास बसून जुनी चित्रं हाताने एकमेकांशेजारी ठेवून पाहिली. २०० तास म्हणजे पीएचडीच्या विद्यार्थ्याचे पाच-सहा आठवडे हो. गुरूचा चंद्र युरोपा, त्याचंही तसंच, गॅलिलिओ यान १९९७ मध्ये जवळून गेलं तेव्हाच्या चुंबकीय मोजमापांत पाण्याच्या फवाऱ्याची खूण असल्याचं २०१८ मध्ये मांडलं गेलं. हे वाचलं आणि माझं डोकं ठिकाणावर आलं.

आता आत काय आहे. पीडीएस म्हणजे एक इमारत किंवा एक सर्व्हर नाही, विषयवार विभाग वेगवेगळ्या संस्थांत आहेत. खडक-मातीचा, भूविज्ञानाचा विभाग सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत, वातावरणाचा न्यू मेक्सिको स्टेटमध्ये, ग्रहांभोवतीच्या कड्यांचा आणि चंद्रांचा सेटी इन्स्टिट्यूटमध्ये, लघुग्रह-धूमकेतूंचा मेरिलँड युनिव्हर्सिटीत, प्लाझ्माचा, म्हणजे अवकाशातल्या विद्युतभारित कणांचा, कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए युनिव्हर्सिटीत. ही वाटणी मला सुरुवातीला किचकट वाटली, पण फायदा असा की प्रत्येक विभागात त्या विषयात मुरलेली माणसं बसलेली आहेत आणि मदतीसाठी लिहिलं तर उत्तर देणारा माणूस तो डेटा स्वतः ओळखणारा असतो. मी दोनदा लिहिलंय, दोन्ही वेळा नेमकं उत्तर मिळालं, एकदा तर कुठल्या फाइलमधला कुठला रकाना वापरायचा ते सुद्धा. एकट्या कॅसिनीने शनीभोवती १३ वर्षं फिरून साडेचार लाखांवर चित्रं पाठवली, त्यातली किती कोणी नीट डोळ्याखालून घातली असतील विचार करा.

माझी पहिली फाइल मंगळाच्या उंचीची होती, मार्स ग्लोबल सर्व्हेयरवरच्या मोला नावाच्या लेसर उंचीमापकाची. मोठ्या उत्साहाने उघडली आणि स्क्रीनवर मंगळ नाहीच, मुंग्या आलेल्या टीव्हीसारखं काहीतरी. दोन दिवस मला वाटलं फाइलच खराब उतरलीय, परत उतरवली, परत तेच. मग शेजारची छोटी लेबल फाइल उघडली, साधा मजकूर असतो तिच्यात, आणि तिथे स्वच्छ लिहिलेलं की प्रत्येक आकडा १६ बिटचा, म्हणजे दोन बाइटचा आहे, उणे-अधिक चिन्हासकट, आणि त्यातला मोठ्या किमतीचा बाइट आधी. आपले नेहमीचे कॉम्प्युटर लहान किमतीचा बाइट आधी धरतात, म्हणून सगळे आकडे उलटे वाचले जात होते. एक ओळ बदलली आणि मंगळावरचा सगळ्यात उंच पर्वत, ऑलिम्पस मॉन्स, समोर उभा! बरोबर वाचलंय का हे तपासायची सोपी युक्तीही तेव्हाच हाती लागली, सगळ्यात लहान आकडा उणे ८ हजार मीटरच्या आसपास यायला हवा, तो हेलास खोऱ्याचा तळ, आणि सगळ्यात मोठा २१ हजारांच्या थोडा वर, तो ऑलिम्पसचा माथा. हे दोन जुळले की निर्धास्त पुढे जायचं.

तर लेबल आधी वाचायचं. डेटा नंतर. हे मी आता प्रत्येक ज्युनियरला सांगते.

दुसरी चूक जास्त महागात पडली आणि ती पूर्ण माझी होती. मंगळाच्या दक्षिण भागातल्या विवरांच्या उतारांवर घळी आहेत, त्यांची एक जुनी यादी घेऊन मी नवीन चित्रं शोधत होते, तीन आठवडे गेले आणि बहुतेक ठिकाणी घळी सापडेचनात. मी घाबरून मॅडमकडे गेले, त्यांनी स्क्रीनकडे दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, "अगं, रेखांश पूर्वेकडे मोजलाय की पश्चिमेकडे?" जुन्या यादीत पश्चिमेकडे मोजलेला, नवीन डेटात पूर्वेकडे. न्यूटन विवर जुन्या हिशेबात १५८ पश्चिम, नवीन हिशेबात २०२ पूर्व, आणि मी १५८ पूर्वेला जाऊन खोदत बसलेले. ते दुरुस्त केलं तरी काही जागा थोड्या थोड्या सरकलेल्याच, कारण अक्षांशही दोन पद्धतींनी मोजतात, एक ग्रहाच्या केंद्रातून आणि एक पृष्ठभागाला लंब धरून. मंगळ ध्रुवांशी चपटा असल्यामुळे ४५ अंशाजवळ या दोन्हींत जवळजवळ ०.३४ अंशांचा फरक पडतो, म्हणजे जमिनीवर २० किलोमीटर. मार्स रिकनिसन्स ऑर्बिटर यानावरच्या कॉन्टेक्स्ट कॅमेऱ्याच्या चित्राची रुंदी ३० किलोमीटर, त्याच यानावरच्या हायराइज कॅमेऱ्याची तर ६ किलोमीटरच, मग २० किलोमीटर चुकलं की विवर चित्रातच येत नाही. ही माहितीही लेबलमध्येच होती.

आता संधीकडे येते, कारण मुळात त्यासाठीच हा रिव्ह्यू लिहायला घेतला. नासाच्या डेटा-विश्लेषणाच्या अनुदान योजनांत एक नियम असतो, तुम्ही जो डेटा वापरणार तो प्रपोजलच्या मुदतीच्या निदान ३० दिवस आधी सार्वजनिक संग्रहात आलेला हवा. हा नियम नवीन माणसाच्या बाजूने आहे असं माझं ठाम मत आहे. मिशनच्या टीममधल्या माणसाला जे दिसतं तेच तुम्हाला दिसतं, त्याच डेटावर दोघांनी अर्ज करायचा. शिवाय यातल्या अनेक योजनांत आता तपासणाऱ्यांना अर्जदाराचं नाव आणि संस्था आधी दिसत नाही, विचार काय आहे तो आधी वाचतात. पैसे मुख्यतः अमेरिकेतल्या संस्थांनाच मिळतात हे खरं, बाहेरच्यांना बहुतेक वेळा स्वतःच्या खर्चाने सहकारी म्हणून जावं लागतं, पण सहकारी म्हणून तुमचं नाव कुणाला का सुचेल? तुम्ही त्या डेटावर आधी काही करून दाखवलेलं असेल तरच ना.

म्हणून माझ्यासाठी खरी बातमी म्हणजे डेटा प्रकाशनाच्या तारखा. चंद्राभोवती फिरणारं लुनर रिकनिसन्स ऑर्बिटर आणि मंगळाभोवतीचं मार्स रिकनिसन्स ऑर्बिटर यांचा नवीन डेटा साधारण दर तीन महिन्यांनी येतो. त्या तारखा मी कॅलेंडरमध्ये टाकून ठेवल्यात आणि त्यांच्या शेजारी ह्यूस्टनजवळच्या लुनर अँड प्लॅनेटरी सायन्स कॉन्फरन्सची मुदत. कॉन्फरन्स मार्चमध्ये असते, सारांश जानेवारीत द्यायचा, फक्त दोन पानं, त्यात आकृत्याही बसतात. दोन पानं हा नवख्या माणसासाठी फार चांगला साचा आहे, एक प्रश्न, एक नकाशा, एक आकडा, झालं. माझ्या घळींचं काम आधी असंच दोन पानांत गेलं आणि त्यावरून एका सीनियर संशोधकाने स्वतःहून लिहिलं की पुढचं एकत्र करू. अर्ज करून मी कितीतरी ठिकाणी थांबले होते, आणि ही संधी मात्र न मागता आली.

अजून एक वाट फार कमी लोक बघतात. पीडीएसमध्ये येणारा प्रत्येक डेटासंच आधी बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घेतात, पेपरसारखाच. या तपासणीला माणसं लागतात आणि नवीन माणूस इथे खरंच उपयोगी पडतो, कारण माहितीपत्रक वाचून डेटा उघडतो का हे नवख्याइतकं चांगलं कोण सांगणार. तुम्ही स्वतः बनवलेला नकाशा किंवा यादी सुद्धा नीट तयार करून जमा करता येते, तिला स्वतःचा डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक मिळतो, त्यामुळे लोक तिचा उल्लेख करू शकतात. सीव्हीत ही एक ओळ पेपरच्या खालोखाल वजनदार दिसते.

सोबतीला काय वापरायचं ते पटकन सांगते. मंगळ आणि चंद्रासाठी अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचं जेमार्स सॉफ्टवेअर, पहिल्या दिवसापासून कामाला येतं, थर टाका, चित्रं कुठे कुठे आहेत बघा, उंचीचा छेद काढा. कुठल्या जागेची कुठली चित्रं आहेत ते शोधायला ऑर्बिटल डेटा एक्स्प्लोरर. चित्रं नकाशावर नीट बसवायला अमेरिकेच्या भूसर्वेक्षण संस्थेचं आयसिस सॉफ्टवेअर, हे शिकायला वेळ लागतो, महिनाभर धरून चाला. यान नेमकं कुठे होतं, कुठे बघत होतं यासाठी नासाचं स्पाइस. सगळं फुकट. पेपर शोधायला एडीएस ही ऑनलाइन सूची, तीही फुकट.

फक्त नासापुरतं थांबू नका. युरोपच्या यानांचा डेटा प्लॅनेटरी सायन्स आर्काइव्हमध्ये, जपानचा डार्ट्समध्ये, इस्रोचा प्रदानवर, तिथे नोंदणी करावी लागते पण चांद्रयान-२ च्या ओएचआरसी कॅमेऱ्याची चित्रं बघाच, एका पिक्सेलला २५ सेंटिमीटरच्या आसपास, चंद्राच्या कक्षेतून इतकं बारीक दिसतं की दगडांच्या सावल्या मोजता येतात. आणि प्रयोगशाळेत रमणारे असाल तर अपोलोने आणलेल्या ३८२ किलो नमुन्यांतला तुकडा अभ्यासासाठी मागता येतो, त्याला नीट प्रस्ताव लागतो आणि अनुभवी प्रयोगशाळेची साथ लागते.

आता तो अर्धा स्टार. जुन्या मिशनचा डेटा पीडीएस३ पद्धतीत आणि नवीन पीडीएस४ पद्धतीत आहे, एकात लेबलची भाषा वेगळी, दुसऱ्यात एक्सएमएल नावाची, त्यामुळे जुनं-नवं एकत्र तोलायचं तर दोन्ही वाचता आलं पाहिजे. विभाग वेगळे असल्यामुळे शोधायची पानंही वेगवेगळी. नवीन माणसाचे पहिले दोन-तीन आठवडे यात जातात. ज्यांच्याकडे विचारायला सीनियर आहे त्यांचं निभावतं, एकट्याने शिकणाऱ्याला जड जातं, आणि हे कोठार तर त्यांच्यासाठीच जास्त मोलाचं आहे, म्हणून मला हा अर्धा कापावासा वाटला. कॉन्फरन्सच्या आधी-नंतर डेटा कसा वापरायचा याची प्रशिक्षणं होतात, मिळालं तर सोडू नका.

पैशांची परिस्थिती सोपी नाही हे सगळ्यांना माहितीय. २०२५ मध्ये नासाच्या विज्ञानाचं बजेट जवळजवळ निम्म्यावर आणायचा प्रस्ताव आला तेव्हा आमच्या ग्रुपमध्ये कोणी नीट झोपलं नव्हतं. अशा वेळी मला या कोठाराचा खरा आधार वाटला, यान बंद पडलं तरी त्याचा डेटा इथे राहतो. आणि पुढची गर्दी बघा, युरोपचं हेरा यान डिडिमॉस या लघुग्रहाकडे निघालंय, नासाचं युरोपा क्लिपर एप्रिल २०३० मध्ये आणि युरोपचं जूस जुलै २०३१ मध्ये गुरूपाशी पोचायचंय. आज जे एमएस्सीला आहेत ते त्या वेळी नेमके पोस्टडॉकच्या वयात असतील, आणि गॅलिलिओचा डेटा हाताळलेला माणूस तेव्हा शोधून शोधून बोलावतील.

माझं स्वतःचं आता बुधाकडे वळायचं चाललंय. युरोप आणि जपानचं बेपीकोलंबो यान नोव्हेंबर २०२६ मध्ये बुधाच्या कक्षेत शिरायचंय. त्याआधीच्या नासाच्या मेसेंजर यानाने २०११ ते २०१५ बुधाभोवती फेऱ्या मारल्या, पण त्याची कक्षा लांबट होती, उत्तरेला जवळ आणि दक्षिणेला लांब, त्यामुळे दक्षिणेचं बरंच बारीक राहून गेलंय. मी मेसेंजरची चित्रं उतरवून दक्षिणेतली चाळीस विवरं निवडून ठेवलीत, प्रत्येकाचं रेखांश दोनदा तपासून.