पंचगंगेची एक्सेल डेटाबेसात टाकली : डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट वापरून कसं वाटलं

आधीच सांगतो, मी काय आयटीवाला नाही. मामांचा कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्तींचा कारखाना, आणि पावसाळ्यात आमच्या घरात एकच विषय, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी किती. ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, हे इथल्या शेंबड्या पोराला पण पाठ आहे. २०१९ च्या पुरानंतर मी व्हॉट्सअपवर येणारे पातळीचे आकडे एक्सेलमध्ये टाकायला लागलो, दरवर्षी नवीन शीट, आणि मामांचा प्रश्न दरवर्षी एकच, "अरं ते किती फूट ऱ्हाऊ दे, तासाला किती चढालंय ते सांग की, मूर्ती कधी हलवायच्या?" आता पाच-सहा शीटमधनं हे काढायचं म्हणजे डोक्याला शॉट, म्हणून एका मित्राच्या सांगण्यावरनं हे डीबी ब्राउझर घेतलं, म्हणजे एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसात माहिती भरायचं आणि बघायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, सर्व्हर बिर्व्हर काय लागत नाही, सगळा डेटाबेस म्हणजे एकच फाईल, पेन ड्राइव्हवर घालून न्या कुठं बी.

पहिली अडचण, हे थेट एक्सेलची फाईल घेत नाही. सीएसव्ही (स्वल्पविराम घालून लिहिलेली साधी मजकुराची फाईल) करून द्यायची आणि ती पण यूटीएफ-८ वाली, म्हणजे मराठी अक्षरं टिकवणारी, साधी सीएसव्ही केली तर मराठी शेऱ्यांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. माझा 'राधानगरीचे ४ दरवाजे उघडले' हा कॉलम असाच गेला, परत केला.

खरी मजा पुढं. इम्पोर्ट झालं दोन मिनिटात, मी खुश, आणि पातळी मोठ्यापासून छोट्याकडं लावली तर सगळ्यात वर ९ फूट! कारण कॉलममध्ये कुठं 'फूट' लिहिलेलं, कुठं मेसेजमधनं चिकटवलेले मराठी आकडे, त्यामुळं त्यानं सगळा कॉलम मजकूर धरला, आणि मजकुरात आधी पहिलं अक्षर बघतात, म्हणून ९ हा ४३ च्या वरच बसणार. त्यात चूक सॉफ्टवेअरची नाही, माझी. आणि त्याहून मोठा घोळ मी पाच वर्षं करत होतो हे तेव्हा कळलं : ३९ फूट १० इंच मी ३९.१० लिहायचो, एक्सेल शेवटचं शून्य खाऊन त्याचं ३९.१ करतं, म्हणजे दहा इंच आणि एक इंच एकच झालं की. आणि ३९.२ हे ३९.११ पेक्षा मोठं! असल्या आकड्यांचा ग्राफ काढून मी गल्लीच्या ग्रुपवर टाकलेला आहे, लोकांनी अंगठे पण दिलेत.

शेवटी जुने मेसेज उघडून दोन रविवार बसलो, फूट वेगळा कॉलम, इंच वेगळा, तारीख आधी वर्ष मग महिना मग दिवस अशी फॉरमॅट करून (सीएसव्हीत सेलमध्ये दिसतं तेच उतरतं, आणि एसक्यूलाइटला तारखेचा वेगळा प्रकारच नाही, त्याला असंच लिहिलेलं कळतं). मग फूट गुणिले १२ अधिक इंच. इशारा झाला ४६८ इंच, धोका ५१६. दोन वेळांमधले तास काढायला ज्युलियनडे नावाचं फंक्शन आहे, वजाबाकी करून २४ नं गुणायचं, आणि मागच्या ओळीतला आकडा शेजारी आणायला लॅग. एवढंच शिकलो, पण मामांच्या प्रश्नाला तेवढंच लागत होतं. सगळी वर्षं एका टेबलात आल्यावर शीट बदलत बसायची कटकट संपली हे सगळ्यात भारी.

ग्राफ त्यातच निघतो, प्लॉट म्हणून खिडकी आहे, एक्सला वेळ, वायला इंच टिक करायचं. दिसायला साधा आहे, एक्सेलचा ग्राफ जास्त देखणा. एक लक्षात ठेवा, मोठं टेबल असलं की आधी लोड झालेल्या ओळींचाच ग्राफ दिसतो, सगळा डेटा लोड करायचं बटण वेगळं आहे, मला वाटलं निम्मा पावसाळा गायब झाला. इशारा-धोक्याच्या आडव्या रेघांसाठी क्वेरीतच (डेटाबेसाला विचारायच्या प्रश्नातच) ४६८ आणि ५१६ असे दोन कॉलम घातले, झालं काम. २०१९ आणि २०२१ शेजारी ठेवून बघितलं तर २०१९ चं पाणी वर जाऊन दिवसच्या दिवस बसून राहिलेलं, २०२१ चं भिंतीसारखं उभं चढलेलं. माहीत होतं, पण असं बघून पोटात गोळा आला.

आणि हो, राइट चेंजेस, म्हणजे केलेले बदल सेव्ह करायचं बटण, दाबत जावा. मी दाबलं नव्हतं, लाईट गेली, लॅपटॉपची बॅटरी आधीच मेलेली, दुपारचं सगळं काम पाण्यात.

पाचात चार मार्क. एक कापला तो एक्सेल थेट घेत नाही म्हणून. मामांनी दोन्ही वर्षांच्या ग्राफची प्रिंट मागून घेतली आणि शेडात हाताला येईल तिथं लावायला निघालेले, म्हटलं मामा, वरच्या फळीला लावा, खाली भिजंल.