नी-कॅप, हिंज ब्रेस, अनलोडर: गुडघ्याचे पट्टे कुठवर साथ देतात

मेडिकलमध्ये 'गुडघ्याचा पट्टा द्या' म्हटलं की बहुतेक वेळा हातात नी-कॅप, म्हणजे गुडघ्यावर चढवायची ताणली जाणारी नळी, पडते. ऊब, हलका दाब आणि चालताना थोडा धीर एवढंच तिचं काम. झिजलेल्या सांध्यावरचा भार ती तसूभरही कमी करत नाही. दुखणं नुकतं सुरू झालं असेल, थंडी असेल, तर मात्र पैसे वसूल.

घोळ होतो तो मापात. दुकानदाराने नजरेने दिलेली 'एल' घेऊ नका. पाकिटावर मोजायची जागा दिलेली असते, कुठे गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर, कुठे वाटीपासून १५ सेंमी वर मांडीवर. तिथेच टेप लावा. घट्ट कॅप बसल्यावर गुडघ्यामागच्या घडीत गोळा होते, काचते, आणि संध्याकाळी पाऊल सुजतं. निओप्रिन (अशा कॅपचं रबरी कापड) घाम शोषत नाही, त्यामुळे मुंबई-कोकणच्या हवेत पुरळ येतं. आत सुती कापड घ्या आणि रात्री कॅप काढून ठेवा.

दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या आणि त्यांत बिजागरी (हिंज) असलेली हिंज ब्रेस लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडून ठेवणारे बंध, सैल झालेल्या, लचकणाऱ्या गुडघ्यासाठी. नुसत्या झिजेसाठी तिच्यावर खर्च करू नये.

या तिघांत झिजेसाठी खरा उपयोगी तो अनलोडर, म्हणजे झिजलेल्या बाजूवरचा भार हलका करणारी ब्रेस. आपल्याकडे बहुतेकांची गादी (सांध्यातली कूर्चा) आतल्या बाजूने झिजते आणि पाय धनुष्यासारखे बाहेर वाकतात. अनलोडर तीन ठिकाणी दाब देऊन भार बाहेरच्या बाजूला सरकवतो. खुर्चीत बसून, गुडघा वाकवून, हिंजचा मध्य वाटीच्या मध्याच्या रेषेत आणा. पोटरीच्या फुगवट्याच्या वरचा पट्टा आधी आवळा, कारण ब्रेस त्याच्यावरच तोलून धरली जाते. तो ढिला राहिला की ब्रेस पाच मिनिटांत घसरते आणि भलत्याच जागी दाबते. महाग आहे, साडीच्या निऱ्यांत अडकते, जाड मांडीवर टिकत नाही. म्हणून आधी घालून, दुकानातच जिना चढून-उतरून पाहा. गुडघा पूर्ण सरळ होत नसेल किंवा झीज सगळ्या बाजूंनी असेल, तर घेऊ नका.

पट्टा एकटा पुरत नाही. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम किमान तीन महिने नेमाने हवा. वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो, हे कुठल्याही ब्रेसपेक्षा स्वस्त. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची. बरेच लोक उलट धरतात!

एवढं करूनही रात्री दुखण्याने झोप मोडते, घरातल्या घरात फिरणं अवघड होतं, पाय दिसेल इतका वाकडा होत चाललाय, आणि उभं राहून काढलेल्या एक्स-रेत हाडाला हाड टेकलंय? मग नवा पट्टा शोधू नका, गुडघा बदलण्याबद्दल सर्जनशी बोला. झोपून काढलेल्या एक्स-रेत दोन हाडांमधली गॅप खोटी मोठी दिसते, त्यावर निर्णय नको. उलट नुसता एक्स-रे वाईट, पण माणूस रोज बाजारहाट करतोय, तर घाई कशाला? 'साठी झाली, करून टाका' हा सल्ला तर नकोच, निव्वळ वय हा निकष नाही. पूर्ण बदललेल्या दहा गुडघ्यांपैकी साधारण आठ २५ वर्षं टिकतात. वाट पाहण्यालाही हद्द आहे: गुडघा आखडत गेला आणि स्नायू वाळले, की ऑपरेशननंतरही वाकवणं-सरळ करणं कमीच राहतं.

गुडघा अचानक लाल, गरम होऊन ताप आला किंवा पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, तर कुठलाही पट्टा न बांधता त्याच दिवशी दवाखाना गाठा.