जेनेसिसचा पहिला अल्बम: आठ महिने आणि बंद पडलेला एक स्पीकर

नोव्हेंबरात जेनेसिस या ब्रिटिश रॉक बँडच्या पहिल्या अल्बमची, 'फ्रॉम जेनेसिस टू रेव्हलेशन'ची, स्टीरिओ रीइश्यू (नव्याने छापलेली) एलपी २६५० रुपयांना घेतली. महिनाभरात ती कपाटात सगळ्यात मागे गेली आणि पैसे पाण्यात गेल्याची रुखरुख लागून राहिली. मे महिन्यात ती परत बाहेर निघाली. आता आठवड्यातून दोन-तीनदा तरी लागते. मधे काय झालं ते सविस्तर लिहितोय, कारण ही एलपी घेऊन माझ्यासारखेच हिरमुसलेले आणखी लोक असणार.

बँडची ओळख करून देत बसत नाही. त्यांचा पुढचा 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड' हा अल्बम ज्यांना पाठ आहे, तेच या पहिल्या अल्बमपर्यंत पोचतात. मीही तसाच पोचलो आणि पहिल्याच दिवशी अडकलो ते व्हायोलिनांपाशी.

पोरं ऑगस्ट १९६८ मध्ये शाळेच्या सुट्टीत लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत रेकॉर्डिंगला गेली. गायक पीटर गॅब्रिएल आणि पियानोवाला टोनी बँक्स १८ वर्षांचे, बास वाजवणारा माइक रदरफोर्ड १७, गिटारवाला अँथनी फिलिप्स तर १६. निर्माता जोनाथन किंग हा त्यांच्याच चार्टरहाउस शाळेचा माजी विद्यार्थी. बँडला नावही त्यानेच दिलं. रेकॉर्डिंग झाल्यावर त्याने संगीत संयोजक आर्थर ग्रीनस्लेडकडून स्ट्रिंग्ज (व्हायोलिनसारखी तारवाद्यं) आणि ब्रास (पितळी वाद्यं) यांच्या रचना करून घेतल्या आणि त्या पोरांना न विचारता गाण्यांवर चढवल्या. फिलिप्स भयंकर चिडला होता, आणि मला त्याचा राग शंभर टक्के पटतो.

त्यातही स्टीरिओ मिक्स करताना बँड एका बाजूला लोटलाय आणि स्ट्रिंग्ज दुसऱ्या बाजूला. हेडफोन लावले तर एका कानात पियानो-गिटार आणि दुसऱ्या कानात लग्नाच्या हॉलमधला ऑर्केस्ट्रा. 'इन द विल्डरनेस'मध्ये बँक्सचा पियानो काय ताकदीचा आहे! पण कान सारखा पलीकडे ओढला जातो. दोन माणसं एकाच वेळी बोलायला लागली की आपलं कुणाकडेच लक्ष राहत नाही, तसं. चार-पाच वेळा चिकाटीने ऐकलं आणि एलपी ठेवून दिली.

एप्रिलमध्ये अँप्लिफायरची एक बाजू गेली. आधी खरखर, मग आवाज कमी-जास्त, मग ठार बंद. स्पीकरच्या वायरी अदलाबदल करून पाहिल्या, दोष अँप्लिफायरचाच निघाला. दुरुस्तीवाल्याने आठ दिवस ठेवून घेतला, आउटपुटचा आयसी (चिप) बदलला आणि १४५० रुपये घेतले. अकराव्या दिवशी तीच बाजू परत बंद! घेऊन गेलो तर म्हणाला, "हा दुसरा फॉल्ट आहे साहेब, त्याचे वेगळे पैसे पडतील." मी म्हटलं, "लक्षण तेच, बाजू तीच, मग फॉल्ट दुसरा कसा?" बिलावर तीस दिवसांची गॅरंटी स्वतःच्या हाताने लिहिलेली, तरी माणूस ऐकेना. अर्धा तास वाद घातला आणि अँप्लिफायर उचलून घरी आणला. १४५० रुपये ही माझ्यासाठी छोटी रक्कम नाही.

तेव्हापासून तीन आठवडे घरात एकच स्पीकर चालू होता. चांगल्या एलपी अर्ध्या ऐकवत नव्हत्या, म्हणून मागे टाकलेली ही काढली. हिचं आणखी काय बिघडणार, असा विचार.

'इन द बिगिनिंग' सुरू झालं. ती सुरुवातीची घरघर, मग रदरफोर्डचा बास. आणि व्हायोलिनं नाहीत! गेलेली बाजू नेमकी स्ट्रिंग्जची होती. कुठे कुठे अंधुक घुमारा तेवढा येत होता. समोर उरली होती शाळकरी पोरं, त्यांचा पियानो, गिटारी, जॉन सिल्व्हरचे साधे ड्रम्स आणि गॅब्रिएलचा अजून पुरता न पिकलेला, पण ऐकताक्षणी ओळखू येणारा आवाज. मी खुर्चीवरून उठलोच नाही. मुलगी आतून येऊन म्हणाली, "बाबा, हे नवीन आणलंत का?" तिने तीच एलपी डिसेंबरात दोनदा ऐकून "बंद करा ना" म्हटलं होतं.

'इन हायडिंग' तर मला नव्याने सापडलं. ही चाल आधी 'पॅट्रिशिया' नावाची, शब्दांशिवायची होती. 'द सर्पंट'चंही पहिलं रूप 'शी इज ब्यूटिफुल'. दोन्ही जुनी रूपं १९९८ च्या 'आर्काइव्ह १९६७-७५' या संचात आहेत. त्याच संचात याच अल्बममधल्या चार गाण्यांची कच्ची मिक्सही आहेत. 'इन द विल्डरनेस' त्यात स्ट्रिंग्जशिवाय आहे आणि ते ऐकून माझी खात्री पटली की बिघडलेल्या अँप्लिफायरवर मला झालेला तो भास नव्हता. संच महाग आहे, मी मित्राकडून ऐकायला आणला.

मे अखेरीस दुसऱ्या एका कारागिराकडे गेलो. त्याने झाकण उघडलं, स्पीकरचा रिले (आवाज स्पीकरकडे सोडणारा आतला स्विच) काढला, त्याचे काळे पडलेले पॉइंट मला दाखवले आणि नवा रिले टाकून २५० रुपये घेतले. पंधरा मिनिटांचं काम. म्हणजे आधीचा आयसी बहुधा चांगला असताना बदलला गेला. ती चीड अजून आहे.

दोन्ही बाजू सुरू झाल्यावर एलपी परत पहिल्यापासून ऐकली आणि एका ठिकाणी मला माझं मत थोडं बदलावं लागलं. 'सायलेंट सन'ला स्ट्रिंग्ज शोभतात. ते फेब्रुवारी १९६८ मध्ये सिंगल म्हणून आलं होतं. किंगला बी जीज हा बँड आवडे, म्हणून पोरांनी मुद्दाम त्या वळणाचं गाणं केलं. तिथे व्हायोलिनं काढली तर गाणं उघडं पडतं. बाकीच्या गाण्यांबद्दल माझं मत ठाम आहे.

मार्च १९६९ मध्ये डेक्का कंपनीने हा अल्बम काढला तेव्हा सुमारे ६५० प्रती खपल्या, असा आकडा सांगतात. अमेरिकेत जेनेसिस नावाचाच दुसरा बँड होता, म्हणून काळ्या कव्हरवर सोनेरी अक्षरांत फक्त अल्बमचं नाव छापलं, बँडचं नाहीच. नाव बायबलमधल्या पुस्तकांचं, म्हणून दुकानदारांनी ते धार्मिक रेकॉर्ड्समध्ये लावलं, असं बँडमधल्यांनीच पुढे सांगितलंय. कव्हरमुळे खप बुडाला हे मान्य. पण ज्या कुणी ती स्टीरिओ प्रत घरी नेली, त्यांनाही या पोरांचं गाणं धड ऐकू आलं नसणार, याचं मला जास्त वाईट वाटतं. पुढच्याच वर्षीच्या 'ट्रेसपास' या अल्बममधला बारा तारी गिटारांचा पोत इथे कोवळ्या रूपात आहे, फक्त झाकलेला.

घ्यायची असेल तर दोन गोष्टी. हक्क किंगकडे असल्यामुळे हाच अल्बम 'इन द बिगिनिंग' आणि इतर नावांनीही निघालाय. गाण्यांची यादी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका, नाहीतर एकच माल दोनदा घ्याल. डेक्काने मोनो (दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेली) प्रतही काढली होती, पण मूळ प्रतीच्या किमती माझ्या आवाक्याबाहेरच्या आहेत. आणि स्टीरिओ घेतलीत तर अँप्लिफायरचा बॅलन्स नॉब एका बाजूला पूर्ण फिरवा. व्हायोलिनंच उरली तर उलट बाजूला. माझ्या नॉबवर पेन्सिलीने खूण केली आहे. 'सायलेंट सन' आलं की तेवढ्यापुरता उठून मधोमध आणतो.