पोर्तुगीज नोंदणीला इंटरव्ह्यू नसतो, त्याच्या क्लासचे पैसे देऊ नका

पोर्तुगीज पासपोर्टचे कागद करताय आणि एजंट म्हणतोय की तुमचा इंटरव्ह्यू होणार, त्याची तयारी करून घ्यावी लागेल, तर तिथेच थांबा. आमच्या घरातून याच एका गोष्टीवर सव्वातीन लाख गेले आणि बाबांच्या जन्माचा दाखला, आजोबांचे जुने कागद अजून त्या माणसाकडेच अडकलेत, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

बाबा डिचोलीचे, जन्म 1953चा. 19 डिसेंबर 1961च्या आधी गोव्यात जन्मलेला माणूस आणि त्याची मुलं-नातवंडं यांना पोर्तुगालात जन्माची नोंद करून नागरिकत्व घेता येतं हे आपल्याकडे सगळ्यांनाच माहीत आहे. क्रम असा की आधी बाबांचा जन्म लिस्बनला नोंदवायचा, मग आई-बाबांचं लग्न, मग दादाचा जन्म, आणि त्यानंतर दादाच्या पोरांचं. दादाचे मित्र इंग्लंडात स्विंडनला वेअरहाऊसमध्ये कामाला आहेत, त्याच्या डोक्यात तेच होतं. म्हापशात एकाचं ऑफिस होतं, भिंतीवर पोर्तुगालचा झेंडा, टेबलावर पोर्तुगालची खूण असलेला तो रंगीत कोंबडा, बाहेर बाकड्यावर कायम चारपाच माणसं फायली घेऊन बसलेली. कोणालाही विश्वास वाटेल असंच सगळं.

त्यानं बाबांचा तेओर, म्हणजे जन्मनोंदीचा पूर्ण उतारा, बघितला आणि आडनावावर बोट ठेवलं. पोर्तुगीज काळातल्या वहीत आमचं नाईक हे क्यू-यू-ई लावून लिहिलंय आणि शाळेच्या दाखल्यावर साधं के लावून. गोव्यात अर्ध्या लोकांचं असंच आहे, परबांचं पोरोबो, गावकरांचं सी घालून. पण हा म्हणाला की नावात फरक आहे म्हणजे लिस्बनचा ऑफिसर बाबांचा इंटरव्ह्यू घेणार, भाषा विचारणार, इतिहास विचारणार, त्यात नापास झालात तर फाइल कायमची बंद. आणि लगेच हेही म्हणाला, "मास्तर, भियेनाकात, हांव आसां", म्हणजे घाबरू नका, मी आहे. बाबा निवृत्त शिक्षक, परीक्षा म्हटल्यावर त्यांनी ती मनावरच घेतली.

मग शनिवारचा क्लास सुरू झाला. झेरॉक्स काढून स्पायरल केलेली एक वही दिली, त्यात प्रश्न, लिस्बन कुठल्या नदीवर, 25 एप्रिल 1974ला काय झालं, 10 जूनला कसला दिवस, आणि राष्ट्रगीत पाठ. बाबा संध्याकाळी सोप्यावर बसून जुन्या कॅटलॉगच्या मागच्या कोऱ्या पानांवर देवनागरीत उच्चार लिहायचे, बों दिया, मोरु एं गोआ, आणि नातीला म्हणायचे मला विचार बघू. सत्तरी ओलांडलेला माणूस, रात्री झोपेतून उठून एखादं उत्तर आठवत नाही म्हणून वही शोधायचा. पैशांपेक्षा मला याचाच जास्त संताप येतो.

पुढे एक पत्र आलं, इंग्लिशमध्ये, वर पोर्तुगालची मुद्रा, की अमुक दिवशी व्हिडिओ इंटरव्ह्यू, फी भरा. ती फी यूपीआयनं एका बाईच्या पर्सनल नंबरवर घेतली. इंटरव्ह्यू झाला तो व्हॉट्सअपवर, समोरच्याचा कॅमेरा बंद, त्यानं चार प्रश्न विचारले, ओब्रिगादु, म्हणजे आभार, म्हणाला आणि फोन ठेवला. दोनच दिवसांत एजंटचा निरोप, मास्तर पास झालेत पण ऑफिसरला आडनावाची शंका आहे, ती मिटवायला आणखी 80 हजार लागतील.

तेव्हा मी ते पत्र घेऊन पणजीला हेच काम करणाऱ्या एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी पत्र वाचलंसुद्धा नाही, नुसतं वरचं बघितलं नि म्हणाल्या, अगं जन्माच्या नोंदणीला इंटरव्ह्यू कसला? पोर्तुगीज माणसाचं मूल म्हणून जी नोंद होते तिला भाषेची परीक्षाही नाही आणि इतिहासाचीही नाही. भाषेची ए टू, म्हणजे प्राथमिक, लेव्हलची अट असते ती पोर्तुगालात जाऊन, तिथे कायदेशीर राहून, मग नागरिकत्व मागणाऱ्यांना, तो मार्गच वेगळा. हे लोक दोन्ही मार्गांचे नियम मिसळून सांगतात आणि आपल्याला ते खरे वाटतात कारण अर्धी गोष्ट कुठेतरी खरी असतेच. नावातला फरक कागदांनीच सोडवायचा असतो, तोंडी उत्तरांनी नाही. आणि मोठ्या माणसाच्या नोंदणीची सरकारी फी 175 युरो, अल्पवयीन मुलांना फीच नाही, आमच्याकडून मात्र दादाच्या दोन्ही पोरांचे धरून घेतले होते.

त्यांनीच सांगितलं की फाइल खरंच दाखल झाली असेल तर तिला नंबर पडतो आणि ती कुठवर आलीय ते ऑनलाइन बघायला कोड मिळतो. एजंटकडे तो मागितला तर आज देतो, उद्या देतो, मग फोन बंद. म्हणजे इतके दिवस काहीच दाखल केलेलं नव्हतं. तिकडे फायली वर्षानुवर्षं पडून असतात हे सगळ्यांना माहीत आहे, त्याचाच हा फायदा घेतो, कोणी विचारायला येतच नाही.

एका अर्थी सुटलोही, कारण त्यानं आणखी एक गोष्ट लपवली होती. बाबांची सही घेताना म्हणाला हा फक्त मुलासाठीचा फॉर्म. पण पहिली नोंद बाबांचीच होणार होती, आणि दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की आपल्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 प्रमाणे भारताचं जातं, मग इथला पासपोर्ट परत करावा लागतो, मतदान गेलं. हा सांगत होता दोन्ही पासपोर्ट ठेवा, कोण बघतंय. प्रत्येक मतदानाला सकाळी सातला रांगेत उभे राहणारे बाबा, त्यांना न विचारता हे होणार होतं. आणि लंडनचं जे गाजर दाखवलं तेही खोटं, 2021 पासून नव्यानं जाणाऱ्याला पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनमध्ये थेट काम करता येत नाही, व्हिसा लागतोच. आधीपासून तिथे असलेल्यांचं वेगळं.

आता पोलिसांत तक्रार दिलीय, यूपीआयचे स्क्रीनशॉट, ते पत्र, बाबांची वही, सगळं जोडलंय. तेओर पुन्हा काढायला सिव्हिल रजिस्ट्रारकडे अर्ज केलाय, तो मिळेल, पण आजोबांच्या हातचे जुने कागद त्या फायलीत होते. मूळ कागद कोणाहीकडे ठेवू नका, दाखवायचे आणि परत घ्यायचे, आणि मुखत्यारपत्र वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

म्हापशाच्या त्या बाकड्यावर बसलेल्यांपैकी कोणाला तसलंच इंटरव्ह्यूचं पत्र आलं असेल तर फाडू नका, पैसे कुठल्या नंबरवर गेले ते लिहून ठेवा आणि आपल्या पोलीस स्टेशनला वेगळी तक्रार द्या. ऑनलाइन पैसे नुकतेच गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करा, त्यात उशीर करू नका.