जुन्या कॅम्परचं अ‍ॅव्हरेज वाढवणारी डबी: फसवणूक नेमकी कशी होते

ब्रिटनमध्ये 1967 ते 1979 मधली 1600 सीसीची फोक्सवॅगन कॅम्पर हौसेने घेणाऱ्यांना 'इंधन बचत' यंत्रं हमखास विकली जातात. पेट्रोलच्या पाइपवर बसवायचं चुंबक, टाकीत टाकायच्या धातूच्या गोळ्या, पाण्यापासून वायू बनवणारा डबा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून अधिक साधनं तपासली. बहुतेकांचा काहीच उपयोग दिसला नाही.

तरीही घेणारे शपथेवर सांगतात की अ‍ॅव्हरेज वाढलं. ते खोटं बोलत नसतात. विक्रेता बसवताना 'मोफत सर्व्हिसिंग' करून देतो, गोम तिथेच आहे. पॉइंटची (स्पार्कचा प्रवाह तोडणाऱ्या संपर्कांची) गॅप 0.4 मिमी, थंड इंजिनावर टॅपेटची (व्हॉल्व्हजवळची) फट 0.15 मिमी, स्पार्कचं टायमिंग नीट, थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारा ऑटो चोक अडकला असेल तर मोकळा, घासणारे ब्रेक ढिले. हयगय झालेली गाडी एवढ्यानेच लिटरमागे किलोमीटर-दीड किलोमीटर जास्त देऊ शकते. श्रेय मात्र डबीला मिळतं.

पाण्याच्या डब्याचा हिशोब तर सरळ आहे. तो 12 व्होल्टवर 20 अँपिअर, म्हणजे 240 वॅट ओढतो. डायनॅमो (गाडीची वीज बनवणारं यंत्र) आणि इंजिन दोन्हीकडची गळती धरली, तर तेवढ्या विजेसाठी साधारण 1,900 वॅटचं पेट्रोल जळतं आणि वायूतून फार तर दीडशे वॅट परत येतात. शिवाय या गाड्यांच्या जुन्या डायनॅमोची क्षमता 30-38 अँपिअर. रात्री हेडलाइट लावले की बॅटरी उतरू लागते.

याहून वाईट प्रकार म्हणजे कार्बोरेटरमध्ये गुपचूप लहान मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) टाकणं. मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, पेट्रोल थोडं वाचतं, पण इंजिन जास्त तापतं. 1970 पर्यंतच्या इंजिनांत ऑइल कूलर तिसऱ्या सिलिंडरच्या हवेच्या वाटेत उभा असतो, त्यामुळे बहुधा त्याचाच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आधी जळतो. पेट्रोलचा पाइप कापून मध्ये बसवायचं काहीही इंजिनाच्या डब्यात घेऊ नका. तिथला एक सैल जोड गाडी पेटवू शकतो.

टायरही पाहा. मूळ 185आर14च्या जागी 175/70आर14 घातले तर चाक सात-आठ टक्के लहान होतं, ओडोमीटर तेवढे जास्त किलोमीटर दाखवतो आणि लिटरमागे 9 किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज कागदावर 9.7 होतं. वर, असे कारचे टायर भरलेल्या कॅम्परचं वजन पेलायला बनलेलेच नसतात.

खरंच खर्च करायचा असेल तर डिस्ट्रिब्युटरवर (प्रत्येक सिलिंडरला वेळेवर स्पार्क पोहोचवणाऱ्या भागावर) करा. अनेक गाड्यांवर कधीतरी 009 नावाचा, व्हॅक्यूम (इंजिनाच्या हवेच्या ओढीनुसार स्पार्कची वेळ बदलण्याची सोय) नसलेला डिस्ट्रिब्युटर बसवलेला सापडतो. हलक्या थ्रॉटलवर त्याला स्पार्क पुढे आणता, म्हणजे लवकर देता येत नाही. कार्बोरेटरला जुळणारा व्हॅक्यूमवाला डिस्ट्रिब्युटर बसवा. थर्मोस्टॅट आणि त्याच्यावर चालणाऱ्या, थंड हवा अडवणाऱ्या झडपा काढून टाकल्या असतील तर परत लावा, नाहीतर थंड इंजिन पुरेसं गरम व्हायला वेळ लागतो आणि तोवर चोक पेट्रोल पीत राहतो.

डबी घेतलीच असेल तर आधी सर्व्हिसिंग करा, मगच मोजा. त्याच पंपावर टाकी काठोकाठ भरून, त्याच रस्त्याने जाऊन-येऊन, 80च्या वेगाने, किलोमीटर जीपीएसवर. एकदा डबीसह, एकदा काढून. 'दोन हजार किलोमीटरनंतर फरक पडेल' असं विक्रेता म्हणाला तर थांबू नका: ब्रिटनमध्ये ऑनलाइन खरेदी रद्द करायला माल हाती आल्यापासून 14 दिवस मिळतात. वस्तू 100 पौंडांहून महाग असेल तर पैसे क्रेडिट कार्डने भरा. खोटा दावा निघाल्यास कार्ड कंपनीकडेही मागणी करता येते.