डायमंड ॲन्व्हिल सेल: स्क्रूची चाल उत्तम, गॅस्केट मात्र वेगळे घ्यावेत

टोपोलॉजिकल इन्सुलेटरची (आतून विद्युतरोधक, पण पृष्ठभागावरून वीज वाहू देणाऱ्या पदार्थाची) स्फटिकरचना दाबाखाली कशी बदलते हे पाहण्यासाठी गेल्या पावसाळ्यात आमच्या कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत मुठीत मावेल एवढा डायमंड ॲन्व्हिल सेल, म्हणजे दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये नमुना चेपून प्रचंड दाब देणारे उपकरण, घेतला आणि त्याची पारख बिस्मथ टेल्युराइड या अशाच एका पदार्थावर केली.

हा पदार्थ पापुद्र्यांचा आहे. टेल्युरियम आणि बिस्मथ यांचे पाच थर आळीपाळीने एकमेकांना घट्ट धरून असतात, पण अशा दोन पंचकांमधील बंध इतके सैल असतात की साध्या चिकटपट्टीनेही पापुद्रा सुटून येतो. दाब वाढू लागला की आधी हीच सैल जागा आक्रसते. सुमारे ८ गिगापास्कलला, म्हणजे वातावरणाच्या जवळपास ऐंशी हजार पट दाबाला, मूळची ऱ्हॉम्बोहेड्रल (तिरक्या घनासारखी) रचना मोडून मोनोक्लिनिक (एकच कोन तिरका असलेली) रचना येते आणि बिस्मथला सहाऐवजी सात शेजारी अणू मिळतात. सुमारे १४ गिगापास्कलच्या पुढे दोन्ही मूलद्रव्यांचे अणू घनाकार जाळीत वाटेल त्या जागी बसतात.

सेलची खरी जमेची बाजू म्हणजे स्क्रूची चाल. दाब मोजण्यासाठी नमुन्याशेजारी रुबीचा कण ठेवतात; त्याच्या प्रकाशातील लाल रेषा दाबाबरोबर सरकते. ती ६९४.२ नॅनोमीटरवरून ६९७.१ पर्यंत सरकली, तीही एकदाही उडी न मारता. त्यामुळे रामन वर्णपटात (विखुरलेल्या लेसर प्रकाशातून अणूंची कंपने दाखवणाऱ्या वर्णपटात) नव्या रेषा नेमक्या कोणत्या दाबाला उगवतात हे निवांतपणे टिपता आले.

तक्रार आहे ती सोबत आलेल्या गॅस्केटची, म्हणजे हिऱ्यांमध्ये बसणाऱ्या आणि भोकात नमुना धरून ठेवणाऱ्या धातूच्या चकत्यांची. एकाचे भोक मध्यावर नव्हते, ते दाबाखाली सरकून हिऱ्याच्या कडेला भिडले आणि प्रयोग थांबवावा लागला. गुजरीतील एका सराफाच्या भिंगाखाली हिरा शाबूत दिसला तेव्हा जीव भांड्यात पडला. मग शिवाजी उद्यमनगरातील एका टर्नरकडून भोक मध्यावर पाडण्यासाठी पितळी जिग (साचा) करून घेऊन पुढची भोके आम्हीच पाडली.

माहितीपत्रकात २० गिगापास्कलची क्षमता ठळक छापली आहे, पण नमुन्याभोवती भरायला सुचवलेले मिथेनॉल-इथेनॉलचे ४:१ मिश्रण सुमारे १० गिगापास्कलपर्यंतच दाब सर्व बाजूंनी सारखा ठेवते, हे कोठेही लिहिलेले नाही, आणि ही उणीव मला गंभीर वाटते. त्यापुढे हेलियम किंवा निऑन वायू भरण्याची सोय हवी.

रचनेचा निर्णायक पुरावा क्ष-किरण विवर्तनच (अणूंवरून विखुरलेल्या क्ष-किरणांच्या नक्षीवरून रचना ओळखणे) देते. सेलचे मागचे तोंड त्यासाठी पुरेसे रुंद आहे, त्यामुळे इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर (तीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर) वेळ मिळाल्यास नमुना न हलवता हाच सेल तिकडे नेता येईल.